पिवळं आलं का केस बदलली

अकोल्यात बापूसाहेब वकिलाच्या हापिसात चारुशीला टायपिंगच्या नोकरीवर आली, अन् पहिल्याच दिवशी दारात मुनशी देवीदासवर आदळली. त्याच्या हातातला कागदाचा गठ्ठा सारा भुईवर!

"अगं बाई! कोणाचं काय, ओळखायचं कसं?" वेचता वेचता तिनं विचारलं.

"सोपं हाये. मधात पिवळी चिठ्ठी आली का समजाचं, केस बदलली. तेथून नवी नक्कल, पुढला लिफाफा."

"बरं हं, देवीदासजी."

सारं हापिस त्याले देवीदासभाऊ म्हणे. हिच्या त्या 'जी'नं गडी कामातून गेला! बापाच्या मळ्यातली शेवंतीची एक पाकळी तो रोज गठ्ठ्यावर ठेवू लागला. ती पाहे... हसे... अन् टायपिंगले लागे.

मंग एक दिवस वकिलाचे पक्षकार नत्थुजी तणतणत आले. "माह्या लिफाफ्यात दुसऱ्या केसच्या केशवरावचा अर्धा जबाब कसा काय, वकीलसाहेब?"

बापूसाहेब तापले. अन् देवीदास भेवाच्या भरात बोलून गेला, "बाई नव्या हायेत... चुकल्या असतीन."

"उद्यापासून येऊ नका, बाई!"

तिचे डोळे भरले. पण मान ताठ. "जाते. चूक कुठं झाली ते पाहून जाते. देवीदासजी, उलटा पानं."

एक पान... दुसरं... अन् केशवरावच्या जबाबाच्या मधोमध चिकटून बसली होती पिवळी पाकळी. वरून घसरून आत गेलेली. पिवळं दिसलं म्हणून पोरीनं नवी नक्कल धरली, उरलेला जबाब पुढल्या लिफाफ्यात टाकला. त्यानं सांगतलं तसंच केलं होतं तिनं.

देवीदासले वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तसाच गेला बापूसाहेबापुढं.

"चूक माही हाये, साहेब. पाकळी म्या ठेवली."

"कोर्टाच्या कागदात फूल? काहून?"

नत्थुजीनं कान टवकारले. देवीदासची मान खाली ते खालीच. "बाईसाठी... तोंडानं सांगाची हिंमत नोती. अन् वरतून त्याईच्याच अंगावर ढकललं. लाज वाटून राह्यली, साहेब."

बापूसाहेब उगाच चष्मा पुसत बसले. "उद्या टायमावर या, बाई," एवढंच बोल्ले.

दाराशी तो पुटपुटला, "कोन्या तोंडानं माफी मागू..."

"आधी ते तोंड वर तर करा." टाइपरायटरवर कापड टाकत ती म्हणाली, "अन् आता पिवळी नको. लाल ठेवा."

"आमच्या मळ्यात लाल फूलच नाई, बाई."

"मग लावा की..." तिनं हळूच पाह्यलं. "मी थांबते."