अर्ध्या इंचाचा मुक्काम

गाढवी नदीच्या काठाशी, पाण्यात रोवलेल्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या खांबावर तुलसानं धुतलेलं लुगडं टाकलं, तोच मागून कुणीतरी कळवळून ओरडलं, "अहो, त्याच्यावर इंच आहेत!"

"असू द्या ना. लुगड्याले टोचत नाहीत."

तो टेकचंद. नागपूरहून बी. एस्सी. झालेला, धरणाच्या पाहणीसाठी केशोरीजवळ तंबू ठोकून राहिलेला. पावसाळा सरला होता. सलग सात दिवस पाणी एकाच रेषेवर टिकलं, की तंबू उठणार होता.

बिसनलालची मुलगी तुलसा मॅट्रिकला बसणार होती आणि रोज सकाळी नदीवर यायचीच. म्हणून पाण्याचा आकडा वहीत मांडायचं काम त्यानं तिलाच दिलं. बदल्यात इंग्रजीचा धडा.

"प्रोलाँग म्हंजे?" एकदा तिनं विचारलं.

"संपत आलेलं लांबवणं. मुक्काम लांबवता येतो... आजारही लांबतो."

"म्हंजे चांगलं का वाईट?"

"ते शब्दाला ठाऊक नसतं. काय लांबवलं, त्यावर ठरतं. वाक्य करून दाखवा."

"करीन... सावकाश."

त्याच आठवड्यात पाणी थांबलं. एक दिवस, दोन दिवस... तिसऱ्या सकाळीही पाणी तिथंच होतं, पण तुलसानं वहीत अर्धा इंच कमी लिहिला. चौथ्या दिवशी आणखी अर्धा.

सातव्या दिवशी टेकचंद वही उघडून खांबापाशी उभा होता.

"रोज बरोब्बर अर्धा इंच. नदी इतकी शिस्तीची नसते, तुलसाबाई."

तिचे कान तापले, पण मान खाली गेली नाही. "वाक्य करून राहिली होती मी. तुमीच तं सांगितलं होतं."

त्यानं खिशातून छोटी वही काढली. रोज संध्याकाळचे आकडे, त्याच्या हातचे... सगळे सारखे.

"म्हंजे पयल्याच दिवशी समजलं तुमाले? मंग बोलले काऊन नाही?"

"मीही... तेच वाक्य करत होतो." त्यानं तिचे आकडे एकेक करून खोडले, खरे लिहिले. "पण खोटं पाठवता येत नाही. तंबू उद्या उठेल."

"मंग जा."

"जातो. बाबा घरी आहेत?"

"धानाच्या बांधीत आहेत. काऊन?"

"परत यायला खरं कारण हवंय. ते त्यांच्याकडेच मागतो."

 तुलसानं लुगडं पिळलं, झटकलं आणि खांबावर पसरलं — अगदी इंचांवरच. या वेळी कुणी ओरडलं नाही.