पैठणच्या टेकाडातला क्रूस

पुंजाराम मास्तर शहागंजातल्या राहत खानांच्या दारी आले ते पार खचलेले. खानसाहेब निजामाचे फौजदार. पोलीस ॲक्शननंतर नोकरी गेली, आता खाजगी तपास करीत. त्यांचे दोस्त काकासाहेब वकील तिथंच चहा पीत बसले होते.

मास्तर पैठणला मिशनच्या शाळेत शिकवत. गावाबाहेरच्या टेकाडावर खोदकाम चाललं होतं, तिथं कामाला असलेल्या त्यांच्या लेकाला, सांडूला, क्रूस कोरलेली खापरी सापडली. येशूचा शिष्य थोमा इथवर आला होता, ही मास्तरांची जन्माची श्रद्धा. त्यांना वाटलं, पुरावा मिळाला. पुढं सांडू तापानं गेला. आता पुण्याहून विद्वान तपासणीला यायचे, आणि परवा खोदकामाच्या तंबूतली पेटी उघडली तर खापरीच गायब.

"पोराचं तेवढंच नाव राहिलं होतं, साहेब," मास्तर म्हणाले.

दोघं त्यांच्यासोबत पैठणला गेले. खोदकामाचे अधिकारी आप्पासाहेब आधीच वैतागलेले. खापरी खरी निघाली तरी कुणीतरी दोन रेघा मारल्या एवढंच कळेल, थोमा काही मातीतून निघायचा नाही, हे त्यांनी मास्तरांना कितीदा सांगितलं होतं. त्यांनी फोटो दाखवला: कडा झिजून गुळगुळीत, क्रूस मधोमध, अखंड. पहारेकरी नूरमोहम्मद शपथेवर सांगत होता, तंबूत परकं कुणी आलंच नाही. गेल्या आठवड्यात मास्तरीणबाई लेकाची खापरी पहिल्यांदाच बघायला आल्या, हातात धरून रडल्या, तेवढंच. आता आईवर कोण संशय घेणार? काकासाहेबांनी मनातल्या मनात नूरमोहम्मदलाच बेड्या ठोकल्या.

मास्तरांच्या घरी मास्तरीणबाईंनी, दगडाबाईंनी, पाय धुवायला पाणी दिलं. काकासाहेबांनी मोरीतली खापरी घेऊन टाच घासली आणि कळवळले. नवीकोरी खापरी, कातडंच निघालं. हरवलेल्या खापरीचं बाईंना विचारलं तर त्या "मला काय ठावं" एवढंच म्हणत राहिल्या.

खानसाहेब मात्र मोरीकडं बघत होते. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात ते हेच.

"काकासाहेब, मडकं काय रेघा वाचवून फुटतं? क्रूस अखंड आहे, म्हणजे तो फुटक्या तुकड्यावर काढला. अन् कडा मातीत नाही झिजल्या, टाचा घासून झिजल्या. या घरची जुनी खापरी गेली कुठं?" मग ते हळूच म्हणाले, "बाई, तुम्ही हातात घेताच ओळखलीत."

दगडाबाईंनी पदराआडून खापरी काढली. जेवताना मास्तर नेहमी म्हणायचे, त्या टेकाडात एक खूण गावली तर मी डोळे मिटायला मोकळा. पोरानं ते मनावर घेतलं.

"शहाणी माणसं आली असती," त्या म्हणाल्या, "अन् माझं मेलेलं लेकरू लबाड ठरलं असतं."

मास्तर उंबऱ्यावर बसले. आता हे थोमाचं विचारणार, असं काकासाहेबांना वाटलं.

"म्हंजे तुला आठवडाभर ठावं होतं?" मास्तरांनी विचारलं.

"व्हय."

"अन् मला न सांगता एकटीच रडलीस?"