लेटरहेड वाळेपर्यंत

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दमयंती लालबागच्या त्या छोट्या प्रेसमध्ये शिरली, ती भांडायच्या तयारीनेच. शिपाई रजेवर, म्हणून तिलाच यावं लागलं होतं. हातात कंपनीचं लेटरहेड होतं. निळं नाव पार फिसकटलेलं आणि वर गुलाबी रेघा वेगळ्याच.

मालक टकला, खेकसणारा असता तर भांडायला बरं पडलं असतं. पण पुढे आला रघुवीर, तिशीच्या आतला, ओठांआधी डोळ्यांनी हसणारा... गिरण्यांच्या संपात वडिलांचं काम सुटलं आणि हा पोरगा छपाई शिकला. आता मशीन स्वतःचं होतं.

"शाई ओली असतानाच कागद पाठवलात," ती म्हणाली. "आमच्या लेझर प्रिंटरमध्ये आत तापलेला रूळ असतो. सगळी शाई त्याला चिकटली. आणि हे कुंकू कसलं?"

रघुवीरने कान पकडला. "मॅडम, दसऱ्याची पहिली ऑर्डर... गठ्ठ्याला हळदकुंकू लावलं. वडील गिरणीत मागाला लावायचे ना, तीच सवय."

दमयंतीला हसू आलं आणि ते लपवताना तिची फजितीच झाली. पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. दहा दिवसांत पाचशे पत्रं गेली नाहीत, तर तिची नोकरी कायम होणार नव्हती. तिने तसं सांगितल्यावर रघुवीर गंभीर झाला. उष्णता सोसणारी शाई आणून त्याने त्याच संध्याकाळी सगळं नव्याने छापलं आणि कागद मोकळे पसरले. आठवडाभर वाळू द्यायचे, मग दमट हवा लागू नये म्हणून प्लॅस्टिकमध्ये बांधायचे, असं ठरलं.

ऑफिस सुटलं की परळहून चालत ती रोज येऊ लागली. कागदावर अंगठा घासायचा, निळा झाला की मान हलवायची. तो चहा मागवायचा. हळूहळू अंगठ्यापेक्षा गप्पाच लांबायला लागल्या. तिचं नाव लेटरहेडवर छापलं तर किती जागा लागेल, हे त्याने एकदा मोजून सांगितलं, तेव्हा ती उगाचच कॅलेंडरकडे बघत बसली.

सातव्या दिवशी तिने एक कागद ऑफिसात नेऊन प्रिंटरमधून काढला. लख्ख आला! डाग नाही, रेघ नाही. तिला आनंद व्हायला हवा होता. पण कागद नेला की या गल्लीत यायचं कारणच संपणार होतं. संध्याकाळी ती प्रेसमध्ये म्हणाली, "अजून जरा... ओलसर वाटतंय."

"वाटतंय खरं," रघुवीर म्हणाला. "हवाच दमट आहे."

आठव्या दिवशीही दोघांना कागद ओलाच वाटला.

नवव्या संध्याकाळी मात्र गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये बांधून तयार होता. रघुवीर तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुमची नोकरी पणाला लावून मी खोटं बोलणार नाही, मॅडम. कागद परवाच वाळला होता. तुम्ही यायच्या थांबाल म्हणून..."

"मला माहीत होतं."

त्याने मान वर केली.

"परवाच मी प्रिंटरमधून एक काढून पाहिला," ती हळूच म्हणाली. "स्वच्छ आला होता."

मग दमयंतीने गठ्ठा छातीशी धरला आणि दारापाशी जाऊन वळली.

"रविवारी घरी या. बाबांना भेटायला," ती म्हणाली. "आणि येताना कागदाचं निमित्त आणू नका."