इंजेक्शन जरा पिवळं दिसतंय

"ह्या चिठ्ठीवर नाही देता येणार," तो म्हणाला आणि चिठ्ठी काउंटरवरून परत माझ्याकडे सरकवली.

खरं तर त्या दुकानात मी जाणारच नव्हते. भोरच्या आमच्या नेहमीच्या मेडिकलमध्ये ते इंजेक्शन संपलं होतं. वेल्ह्याची गाडी पकडायला नसरापूरला उतरले, तर चौकात हे नवं दुकान दिसलं.

"का नाही?"

"मागच्या वर्षीची आहे. नवी आणा."

"माझी अ‍ॅलर्जी तर त्याच्याही आधीची आहे. ती कुठं बदललीय?"

त्यानं ओठ घट्ट मिटले. हसू दाबत होता मेला!

मी शाहीन, भोरच्या जलील टेलरची मुलगी. दोन वर्षांपूर्वी, दोन हजार सहा साली, उत्रोलीत मैत्रिणीच्या शेतावर मला गांधीलमाशी चावली. बघता बघता ओठ सुजले, श्वास अडकला... पुण्याच्या दवाखान्यात शुद्धीवर आले. तिथल्या डॉक्टरबाईंनी बजावलं — अ‍ॅड्रेनलिनची कुपी आणि सुई कायम पिशवीत हवी. माझं काम वेल्ह्याच्या डोंगरातलं, गावोगाव बायकांचे बचतगट उभे करण्याचं. अब्बांनी एकच अट घातली होती: इंजेक्शन जवळ असेल तरच डोंगर चढायचा. आता जुन्या कुपीची मुदत संपली होती, सोमवारी नव्या गटाची पहिली बैठक होती, आणि पुण्याला जायला रजा उरली नव्हती.

हे सगळं मी त्याला का सांगितलं कोण जाणे. चिडले होते म्हणून असेल.

त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नियम मी मोडणार नाही. पण... तुमच्या डॉक्टरबाई कॉम्प्युटरवर भेटतील का?"

"कॉम्प्युटरवर?"

"माझा भाऊ कुवेतला असतो. अम्मी रोज त्याच्याशी कॅमेऱ्यावर बोलते. कुवेत दिसतं, तर पुणं का नाही दिसणार?"

त्यानं स्वतःच दवाखान्यात फोन लावला. डॉक्टरबाई आधी नाही म्हणाल्या. मी फोन हिसकावून घेतला आणि त्या हो म्हणेपर्यंत सोडला नाही.

दुकानाच्या मागच्या खोलीत औषधांच्या खोक्यांमध्ये कॉम्प्युटर होता. डॉक्टरबाई पडद्यावर तुकड्यातुकड्यांनी आल्या — आधी चष्मा, मग आवाज, मग उरलेल्या.

"शाहीन, घसा दाखव. मध्ये काही त्रास? बरं. सुई कुठं टोचायची?"

"मांडीला, बाहेरच्या बाजूला."

"बोटानं दाखव."

मी संकोचले. तोवर हा गडी गर्रकन भिंतीकडे वळला आणि खोकल्याच्या बाटल्यांवरची नावं मोठ्यानं वाचू लागला! डॉक्टरबाई हसल्या. "मागं पाढे कोण म्हणतंय?"

"दुकानदार आहेत," मी म्हटलं.

"हाशिम," भिंतीकडूनच उत्तर आलं.

सही-शिक्क्याची चिठ्ठी फॅक्सवर आली, मूळ कागद पोस्टानं येणार होता. डॉक्टरबाईंनी दोन गोष्टी बजावल्या: औषध उन्हात फिरून पिवळं पडलं तर लगेच नवं घ्यायचं, आणि दर वेळी आधी त्यांना कॅमेऱ्यावर तोंड दाखवायचं.

वेल्ह्याचा उन्हाळा माझ्या मदतीला धावला. कुप्या पिवळ्या पडत गेल्या, मी नसरापूरला उतरत गेले. कॉम्प्युटरची लाइन लागेपर्यंत बोलायला भरपूर वेळ मिळायचा. हाशिम कमी बोलायचा, पण मी सांगितलेलं त्याच्या लक्षात राहायचं. पासलीच्या बनाबाईचा गट फुटायला आला होता, तर पुढच्या भेटीत त्याचा पहिला प्रश्न तोच — "बनाबाई राजी झाल्या का?"

पावसाळा आला, ऊन सरलं. मी तरीही कुपी काउंटरवर ठेवली.

त्यानं ती उजेडाकडे धरली. "ही तर पाण्यासारखी आहे."

"नाही... जरा पिवळी दिसतेय."

"कुठं?"

"तळाशी. नीट बघा."

त्यानं बघितलं. आधी कुपीकडे, मग माझ्याकडे... जरा जास्तच वेळ. "हो," तो हळूच म्हणाला, "दिसतेय खरी." आणि कॉम्प्युटर चालू करायला आत गेला. त्या दिवशी डॉक्टरबाईंनी आम्हा दोघांनाही झापलं.

ऑक्टोबरात बनाबाईच्या अंगणात बैठक चालू होती. मानेवर चटका बसला. हात लावला, तर गांधीलमाशी.

"तोंड लाल झालं की गं तुजं! काय हुतंय?" बनाबाई ओरडली.

"पिशवी... माझी पिशवी द्या!"

घसा आवळत चालला होता. डॉक्टरबाईंचा आवाज आठवत मी कुपी फोडली, सुई भरली, आणि सलवारीवरूनच मांडीत खुपसली. कुणाची वाट बघितली नाही. बनाबाईच्या मुलानं, गोरखनं, जीप काढली. वेल्ह्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत श्वास मोकळा व्हायला लागला होता.

मोबाइलला रेंज आली तेव्हा मी घरी फोन लावायला घेतला, आणि बोटांनी नंबर फिरवला तो हाशिमचा. "मी बरी आहे," एवढंच बोलता आलं.

तो दुकान बंद करून आला, आधी भोरला जाऊन अब्बांना घेऊन. अब्बांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आता पुरं झालं. कामबिम न्हाई. घरी बसायचं." मग हाशिमकडे वळले. "तुमीच सांगा हिला. तुमी औषधातलं जाणता."

तो जर हो म्हणाला असता...

"चाचा, घरी बसायचं असतं तर हे इंजेक्शन घेतलंच कशाला असतं?" हाशिम म्हणाला. "गांधीलमाशी भोरातबी चावते. आज ह्यांनी स्वतःला वाचवलं. आता दोन कुप्या जवळ ठेवू, आणि गटातल्या बायकांना टोचायला शिकवू."

"लई हट्टी हाय पोरगी," अब्बा पुटपुटले आणि डॉक्टरांना भेटायला गेले.

आम्ही दोघंच उरलो.

"मी डोंगरात जाणं सोडणार नाही," मी म्हटलं. "आज नाही, लग्नानंतरही नाही. आधीच सांगते."

"मला का सांगताय?"

"कारण तुम्ही विचारणार आहात. आणि नाही विचारलंत... तर मी विचारेन."

तो खाली बघून हसला, पण त्याचे डोळे ओले होते. "तुमचा फोन आला ना... एवढी भीती मला आयुष्यात कधी वाटली नव्हती, शाहीन." पहिल्यांदाच त्यानं मला नावानं हाक मारली. "तरी जा म्हणेन मी. दर वेळी भिईन... पण जाच म्हणेन. माझं तुमच्यावर — "

"पुढं बोला."

"प्रेम आहे. लई."

मी त्याचा हात घट्ट धरला. त्यानं घसा खाकरला.

"रविवारी अम्मीला घेऊन येऊ का, तुमच्या घरी?"

"रविवारी बनाबाईच्या गटाची बैठक आहे," मी म्हटलं. "शनिवारी या."