हाताला हलका

मोबाइलच्या दुकानात एक उंच माणूस उजवा हात डोक्यावर सरळ ताणून, डोळे मिटून उभा होता. हातात दुकानातलाच एक नवाकोरा फोन. गिऱ्हाइकं त्याला वळसा घालून जात होती, एकमेकांना कोपरखळ्या मारत होती, आणि हा पठ्ठ्या आपला शांत. मी सगळी काचेची कपाटं पाहून परत आले, तरी त्याचा हात वरच.

"रेंज मिळत नाहीये का?" मला राहवलं नाही.

त्याने एकच डोळा उघडला. "नाही. चंद्र बघतोय."

मी वर पाहिलं. वर छत होतं आणि पंखा होता.

"तुम्ही... बरे आहात ना?"

"अजून तरी. खांदा भरून आला की सांगतो."

तेवढ्यात काउंटरमागची विक्रेती वैतागून म्हणाली, "सर, तुम्ही कॅमेरा तरी बघा. फोन घेताना वजन कोण बघतं?"

"चंद्राला कॅमेरा कशाला हवाय?" तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याचे कान किंचित हलत. हे माझ्या नजरेतून सुटलं नाही, कारण मी चष्म्याच्या दुकानात काम करते आणि दिवसभर लोकांचे कानच पाहते.

मग त्याने हात खाली घेतला आणि खुलासा केला. तो बाहुल्यांचे खेळ करायचा. पडद्यामागे बसून बाहुल्या डोक्यावर धरून नाचवायच्या, हे त्याचं काम. नव्या खेळात एक चंद्र होता, सुरुवातीपासून शेवटपर्यंत आकाशात असणारा. आकाश म्हणजे पडद्याची वरची कड, आणि चंद्र म्हणजे गोल कागदी चौकटीत बसवलेला, उजळलेला फोन. आधीचा चंद्र पडून फुटला होता.

"नव्या फोनबद्दल सगळे सगळं सांगतात," तो म्हणाला, "हात कधी दुखायला लागेल तेवढं कोणी सांगत नाही. म्हणून धरून बघतोय. तुम्ही कशासाठी आलात?"

अनोळखी माणसाला मी सहसा काही सांगत नाही. पण ज्याने मला उभ्या उभ्या चंद्राची गोष्ट सांगितली, त्याला खोटं काय सांगायचं?

माझ्या बाबांना ऐकू येत नाही. जन्मापासूनच. मी बोलायला शिकले ती आधी हातांनी, मग तोंडाने. आई गेल्यापासून ते आत्याबरोबर दुसऱ्या गावात राहतात, शिवणकाम करतात, आणि रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल करून माझ्याशी खुणांनी गप्पा मारतात. एका हातात फोन, दुसऱ्या हाताने बोलणं. दोन हातांच्या खुणा आम्ही एका हातात कशाबशा बसवतो. स्टँड दिला होता मी त्यांना. पण स्टँडसमोर बसले की बाबा पासपोर्टचा फोटो काढायला आल्यासारखे ताठ होतात. त्यांना हिंडत हिंडत बोलायचं असतं. हे बघ नवं अस्तर, ही बघ आत्या, आज पण भात लागला.

दोन महिन्यांपूर्वी मी त्यांना मोठ्या पडद्याचा, महागातला फोन घेऊन दिला. माझ्या खुणा त्यांना स्पष्ट दिसाव्यात म्हणून. आणि तेव्हापासून त्यांच्या गप्पा आटल्या. दोन-चार वाक्यं झाली की "झोप येते" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. संध्याकाळी सात वाजता कसली झोप? बाबा माझ्यावर रागावले होते का? की त्यांना काही झालं होतं, आणि ते लपवत होते? मग वाटलं, माझ्याच फोनचा कॅमेरा खराब असेल, त्यांना मी नीट दिसत नसेन. म्हणून मी स्वतःसाठी नवा फोन घ्यायला आले होते.

"सात वाजताच," तो म्हणाला. "म्हणजे आत्ता."

आणि खरंच माझ्या हातातला फोन थरथरला.

दुकानात, त्या गर्दीत, मी बाबांशी बोलले. नेहमीसारखंच झालं. जेवलीस का, काम कसं आहे, बरं, झोप येते. पडदा काळा झाला. मी मान वर केली तर चंद्रवाला माझ्याकडे बघत होता. गंमत म्हणून नव्हे, अगदी मन लावून.

"एक बोलू? रागावणार नाही ना?"

"बोला."

"तुमचे बाबा मावळत होते."

"काय?"

"आधी पूर्ण चेहरा दिसत होता. मग हनुवटी गेली... मग नुसतं कपाळ राहिलं, आणि शेवटी मागची भिंत. चित्र हळूहळू खाली जात होतं. आमच्या खेळात शेवटच्या प्रवेशात माझा चंद्र अस्साच मावळतो. नाटकात तसं लिहिलेलं नाही, हात दुखतो म्हणून." त्याने हातातला फोन काउंटरवर ठेवला. "तुमचे बाबा रागावलेले नाहीत. त्यांना फोन पेलवत नाहीये."

मी तिथल्या स्टुलावर बसलेच. आयुष्यभर जाड कापडात कात्री चालवून बाबांच्या मनगटाची काय अवस्था झाली आहे ते मला माहीत होतं. गिऱ्हाइकाच्या नाकावर वळ उठला तर 'ही फ्रेम जड आहे, बदलून देते' असं मी दिवसातून कितीदा तरी म्हणते. आणि माझ्याच बाबांच्या हातात मी पाटा दिला होता. लेकीने हौसेने घेतलेला, म्हणून त्यांनी अवाक्षरही काढलं नव्हतं.

डोळे भरून आले. त्याने रुमाल वगैरे काही पुढे केला नाही. त्याने माझ्या हातात एक फोन दिला.

"हात लांब करा. असा, बाबांशी बोलताना धरता तसा. आणि मला त्यांच्याबद्दल काहीतरी सांगा. हात दुखला की थांबायचं."

"हे काय आता?"

"वजन मोजतोय. ज्या फोनवर गोष्ट पूर्ण होईल तो घ्यायचा."

विक्रेतीने कपाळाला हात लावला, पण फोन काढून देत राहिली. पहिल्या फोनवर बाबांच्या लग्नाची गोष्ट निम्म्यात सुटली. दुसऱ्यावर त्यांनी चुकून दोन डाव्या बाह्या शिवल्या ती गोष्ट जवळजवळ संपत आली होती, तोच मनगट कुरकुरलं. तो समोर बसून ऐकत होता. दुसऱ्याचं बोलणं इतकं मन लावून ऐकणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. मग एक छोटासा, मागच्या वर्षीचा, कपाटाच्या खालच्या फळीवरचा फोन निघाला. त्यावर मी माझ्या नावाची गोष्ट सांगितली. बाबा मला 'बटण' म्हणतात, अंगठा आणि तर्जनी जुळवून केलेला एवढासा गोल. लहानपणी मी त्यांचं एक बटण गिळलं होतं. बाबा सगळ्यांनाच अशी नावं देत नाहीत, फक्त आपल्या माणसांना देतात. गोष्ट संपली, आणि हात तसाच हवेत होता.

"हाच," आम्ही दोघं एकदम म्हणालो.

"मॅडम, हे अपग्रेड नाहीये हं," विक्रेतीने बजावलं. "तुमच्या त्या फोनपुढे हा म्हणजे खालची पायरी झाली."

"हाताला विचारा," चंद्रवाला म्हणाला. त्याने स्वतःसाठीही तोच घेतला. दाराबाहेर पडताना मला म्हणाला, "आता बाबांच्या आणि माझ्या चंद्राच्या हातात एकच फोन. म्हणजे आपण नात्यातले झालो की."

"चंद्राला हात नसतात," मी म्हणाले. चांगलं उत्तर सुचायला घरी पोचावं लागलं.

नवा फोन बाबांना मिळाला त्या संध्याकाळी त्यांनी तो आधी या हातातून त्या हातात उडवून दाखवला. मग घरभर फिरले. शिवणयंत्र, अंगण, चिडलेली आत्या, सगळं दाखवून झालं तरी थांबेनात. चित्र जराही मावळलं नाही. आधीचा फोन आवडला नव्हता का, असं मी विचारलं, तर त्यांनी चोरट्यासारखं हसून टेबल दाखवलं. तो महागडा फोन कापडावर ठेवला होता, कापताना कापड सरकू नये म्हणून.

"यासाठी फार चांगला आहे," बाबांनी खुणेने सांगितलं.

हे मला कोणाला तरी सांगायचं होतं. आणि कोणाला तरी म्हणजे कोणाला, हेही मला ठाऊक होतं.

त्याची तालमीची खोली माझ्या दुकानापासून दोन गल्ल्या सोडून होती. लाकडाचा भुसा, रंगाचे डबे, दोरीवर उलट्या टांगलेल्या बाहुल्या. दुकान बंद झालं की मी तिथे जायला लागले. तो चहा करायचा, मी बाहुल्यांच्या डोळ्यांचे रंग निवडून द्यायचे, आणि सातला बाबांचा फोन आला की तो माझ्या शेजारी, चौकटीबाहेर, कप हातात घेऊन गप्प बसायचा. बाहुलीला नुसती मान वळवायला लावून तो तिच्याकडून 'हो' म्हणवून घेई. त्याचे हात बघत राहावंसं वाटायचं. आणि मी बघत राहायचे, का लाजायचं?

काही दिवसांनी बाबांनी मला मध्येच थांबवलं. फोन एका हातात धरून दुसऱ्या हाताने त्याच हाताच्या कोपरावर टिचकी मारली, त्यामुळे माझ्या पडद्यावर त्यांचं अख्खं घर हललं. "हा कोपर कोणाचा?"

मी शेजारी पाहिलं. त्याचा कोपर पडद्याच्या कडेला ऐटीत दिसत होता.

"दुकानदाराचा," मी थाप मारली.

"दुकानदार रोज चहा पितो?"

मी फोन कसाबसा आवरला. "काय म्हणाले?" त्याने विचारलं.

"काही नाही. चहाचा विषय होता."

"माझे कान हलतात तसं तुझं तोंड लाल होतं की," तो म्हणाला.

त्या दिवशी मी त्याला एक जुनी गोष्ट सांगून टाकली. मागे एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला होता, सगळं जमत आलं होतं. पण तो म्हणाला, "मी कशाला शिकू ती भाषा? तू आहेस ना, मी काय बोलतो ते तू सांगत जा त्यांना." बाबा तेव्हा समोरच बसले होते, आम्हा दोघांच्या ओठांकडे आळीपाळीने बघत. मी नकार दिला. ज्याच्याशी बाबांना माझ्याशिवाय बोलता येणार नाही, त्याच्या घरात मी राहायची नाही, हे तेव्हाच ठरवलं.

तो ऐकत होता. मला वाटलं, आता काहीतरी म्हणेल. "चहा गार झाला," एवढंच म्हणाला.

आणि दुसऱ्या दिवसापासून तो सातला माझ्या शेजारी नसायचा. तालीम पडद्यामागे आहे म्हणे, सामान आणायचंय म्हणे. मी एकटीच बाबांशी बोलायचे. फोनच्या पडद्याची कड रिकामी असायची. बाबाही कोपराबद्दल विचारेनासे झाले. माझं मन खट्टू झालं. ठीक आहे, म्हटलं, निदान याने तोंडावर नकार दिला नाही. पण मला तो आवडला होता, फार आवडला होता. त्याचं काय करायचं ते समजत नव्हतं.

खेळाच्या पहिल्या प्रयोगाला बाबा आले. मीच बोलावलं होतं. बाहुल्यांच्या खेळाला ऐकू यायची गरज नसते, आणि मला त्यांना तो चंद्र दाखवायचा होता. दिवे गेले. चंद्र उगवला. खाली राजे भांडले, एक बकरी हरवली, सापडली, पुन्हा हरवली, आणि चंद्र तसूभरही खाली आला नाही. बाबा बकरीकडे बघतच नव्हते. "वर कोणी धरलाय?" त्यांनी विचारलं. "फार चांगला हात आहे."

प्रयोग संपला. माणसं पांगली. तो पडद्यामागून आला, घामाघूम, शर्टाला भुसा लागलेला. माझ्याकडे त्याने बघितलंसुद्धा नाही. थेट बाबांसमोर उभा राहिला. त्याने डावा हात उचलून चेहऱ्यासमोर लांब धरला, पंजा अर्धा मिटलेला, रिकामा. आणि उजव्या हाताने बोलायला लागला.

"तुमची... मुलगी..." मग अंगठा आणि तर्जनी जुळवून एक छोटा गोल. "बटण. मला आवडते. फार. मी तुमच्याशी... बोलायला शिकतोय. हळूहळू."

बाबा बुचकळ्यात पडले. ते त्या वर धरलेल्या डाव्या हाताकडे बघत होते. आणि मग माझ्या लक्षात आलं. या गावात माझ्याशी खुणांनी बोलणारं दुसरं कोणी नव्हतं. त्याने मला बोलताना पाहिलं ते फक्त फोनवर, एका हातात फोन धरून. त्याला वाटलं होतं, दुसरा हात वर धरणं हा भाषेचाच भाग आहे. रोज सातला पडद्यामागे बसून, माझ्या शेजारी बसून पाहिलेल्या खुणा आणि मी सांगितलेले अर्थ आठवून, तो निम्मी भाषा अख्खी समजून घोकत होता.

बाबांनाही ते कळलं. ते इतके हसले, इतके हसले की डोळे पुसावे लागले. मग पुढे होऊन त्यांनी त्याचा डावा हात दोन्ही हातांत धरला आणि सावकाश खाली आणला. मनगट जरा चोळून दिलं, एका दुखऱ्या हाताच्या माणसाने दुसऱ्याचं द्यावं तसं. आणि दोन्ही हातांनी त्याला 'आवडते'ची पूर्ण खूण दाखवली. त्याने ती केली. चुकली. पुन्हा केली.

मी मध्ये पडून काहीतरी समजावून सांगायला हात उचलले, तर बाबांनी मला अडवलं. "तू थांब. आम्ही बोलतोय."

मी थांबले. माझे दोन्ही हात मोकळे होते, आणि त्यांचं काय करायचं हेच मला सुचेना.

शेवटी बाबांनी त्याच्याकडे बोट दाखवलं आणि स्वतःच्या कोपरावर टिचकी मारली. एकदा, मग पुन्हा एकदा, त्याच्या लक्षात राहावं म्हणून.

"हे काय होतं?" त्याने घाबरून मला विचारलं. "कोपर? काही चुकलं का माझं?"

"नाही," मी म्हणाले. पुढचं मी सवयीने हातांनी सांगितलं, आणि मग लक्षात आलं की त्याला ते अजून येत नाही. "ते तुझं नाव आहे. बाबांनी दिलंय."

त्याचे कान हलले. मग त्याने आपल्या कोपरावर टिचकी मारली, माझ्याकडे बघत तो छोटा गोल केला, आणि हात पुढे केला. तो मी धरला.