कोरी भिंत

चंद्रपुरात कुणाच्या घरचं माणूस गेलं, की घरातली एक भिंत कोरी करतात. तिच्यावरचं घड्याळ, फोटो, कॅलेंडर सगळं उतरवायचं, चुन्याचा एक हात द्यायचा आणि समोर खुर्ची मांडायची. ही रीत काही पूर्वजांची नाही. ती छायापटलाबरोबर आली.

उन्हाळे असह्य झाले आणि माणसांचे डोळे आतून करपू लागले, तेव्हा शास्त्रज्ञांनी डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बसवायचा एक पातळ पापुद्रा शोधून काढला. तेच छायापटल. चाळिशी उलटली की आता ते सगळ्यांनाच बसवतात. त्याला खोड एकच. माणूस ज्या गोष्टीकडे रोज तासन्‌तास बघतो, तिचा फिकट ठसा त्याच्यावर राहून जातो आणि मग कुठल्याही पांढऱ्या जागेवर तो डोळ्यांपुढे तरंगतो. म्हणून पटल दरवर्षी धुवावं लागतं. तपासणी, चष्मा आणि ही धुलाई दृष्टिविम्यात फुकट होते, कारण विम्याच्या लेखी ती नेहमीची निगा. पण धुलाई चुकवत गेलात, तर साचलेला ठसा निगेत बसत नाही, तो आजार ठरतो. आजार या विम्यात नाही. आणि ठसे साचून पटल कडक झालं, की डोळाच जातो.

शर्वीकाकू पिंपळशेंडे नवरा गेल्यापासून धुलाईकडे फिरकल्या नव्हत्या. नवऱ्याचं नाव विहान. एके काळी ही अगदी फॅशनेबल नावं होती म्हणे. आता ती म्हाताऱ्यांचीच असतात. तरुण डॉक्टरीणबाईंचं नाव मात्र गोदावरी.

"काकू, विम्याची ही शेवटची संधी आहे," डॉ. गोदावरी म्हणाली. "आज धुतलं नाही, तर विमाही जाईल आणि मागोमाग डोळेही."

"समजते वो मले. पण धुतलं का तो जाईन ना!"

"कोण?"

"विहान. त्याच्या दुखण्यात रातंदिवस खाटेपाशी बसून होती मी. त्याच्याकडेच पाहत होती. आता भिंतीकडे पाह्यलं का दिसते. कुशीवर झोपलेला, हात गालाखाली. तुमच्यासाठी ठसा होय तो, माह्यासाठी नवरा होय. तुम्ही नुसतं लिहून द्या ना, धुतलं म्हणून."

"आधी बघू तर खरं," गोदावरी म्हणाली आणि तिने यंत्र काकूंच्या डोळ्यांसमोर सरकवलं. पटलावर जे असेल ते हे यंत्र पडद्यावर जसंच्या तसं दाखवतं.

पडद्यावर चुन्याची एक भिंत आली. तिच्यात एक खिळा होता आणि खिळ्यापासून खाली वाकडा उतरलेला तडा. आणखी काही नव्हतं.

"हे तं माही भिंत होय," काकू म्हणाल्या.

"पटलाला माणूस आणि भिंत यांतला फरक कळत नाही, काकू. समोर असेल ते उमटतं, आणि जुन्याच्या वर उमटतं. काका दिसावेत म्हणून तुम्ही रोज भिंतीकडे बघत बसलात. तेवढी भिंत उमटत गेली. काका केव्हाच पुसले गेले."

"मी पुसला त्याले?"

गावात खुर्ची मांडून बसलेली सगळी माणसं गोदावरीच्या डोळ्यांपुढून गेली.

"पण मले दिसते तो," काकू हट्टाने म्हणाल्या. "आज सकाळीच दिसला."

"ते तुमचं मन दाखवतं. मन काही आम्ही धूत नाही. काका पटलावर नाहीतच, मग धुतल्यावर जातील कसे?"

हे बोलतानाच तिच्या मनात एक शंका आली. ढगात चेहरा दिसतो तो मनाचाच असतो खरा, पण त्याला ढग तर लागतो, आणि काकूंचा ढग म्हणजे हा ठसाच. शंका बोलून दाखवली असती, तर काकू उठून घरी गेल्या असत्या आणि आंधळ्या झाल्या असत्या. गोदावरीने धुलाईची तयारी केली.

धुलाई झाली. काकू दरवाजापर्यंत पोचायच्या आत विमा कंपनीचा निरोप आला: अभिनंदन, आपली दृष्टी निर्मळ आहे, विमा वर्षभर चालू राहील.

आठवड्याने काकू नवा चष्मा न्यायला आल्या. गोदावरीने तो स्वतः त्यांच्या डोळ्यांवर बसवला.

"नीट दिसतं ना?"

"लय साफ. खिळा दिसते, तडा दिसते. तडा पाहून समजलं, तिथंच त्याची पाठ होती. खिळ्यापाशी कान होता." काकूंनी चष्मा काढून पदराने पुसला, तो स्वच्छ असूनही. "रोज बसते मी खुर्चीत. नुसती भिंत आहे."

गोदावरीने काकूंचा हात धरला. काकूंनी तो सोडवून घेतला नाही, पण दाबलाही नाही.

"डॉक्टरीणबाई, तुम्ही म्हटलं होतं तो तिथं नाहीच," त्या म्हणाल्या. "मंग त्या दिवशी तुम्ही धुतलं कोणाले?"