दोन अकाउंटवाला

तो आमच्या दुकानाच्या काचेसमोर उभा राहून फोटो काढत होता, आणि मी आतून दहा मिनिटं त्याच्यावर नजर ठेवून होते.

दादरच्या हिंदमाताला साडीच्या दुकानात काम करणाऱ्याला एक गोष्ट पहिल्याच आठवड्यात कळते. काचेबाहेरून फोटो काढणारा माणूस गिऱ्हाईक नसतो. तो चार दुकानं सोडून बसलेल्या कुणाचा तरी हेर असतो. आज आमच्या काचेत लागलेली साडी परवा त्यांच्या काचेत!

मी तरातरा बाहेर गेले.

"ओ दादा, डिलीट करा."

"काय डिलीट करू?"

"जे काढलंत ते."

तो हसला. उंच, सडपातळ, शर्टाच्या बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या. मागे हटला नाही, उलट कॅमेराच माझ्यासमोर धरला. "साडी काढलीच नाहीये. बघा की."

मी पाहिलं. काचेमागे पैठणी नेसवलेला पुतळा होता, आणि पुतळ्याच्या चेहऱ्याच्या जागी, अगदी बरोबर, रस्त्यापलीकडच्या फुलवालीच्या चेहऱ्याचं प्रतिबिंब पडलं होतं. पैठणी जणू तीच नेसून उभी होती. थकलेली, घामेजलेली, राणीसारखी.

"चांगला आहे," मला म्हणावंच लागलं. "पण तुम्ही फोटोग्राफर आहात कशावरून?"

"आत्ता तुमच्यासमोर काढला की!"

"पेज दाखवा."

त्याने फोन दिला. 'अभय फोटो' नावाचं अकाउंट. आणि काय तो गोंधळ! नवरीचा सुंदर क्लोजअप, शेजारी पावभाजीची प्लेट. वरातीतला नवरदेव, खाली टबात बसलेलं उघडंनागडं बाळ. मग नव्या चपला. मग गल्ली क्रिकेटचा कप.

दुकानाचं पेज मीच सांभाळते. दोनशे लोकांवरून एकोणीस हजारांवर मी नेलंय, त्यामुळे या विषयात मला मत आहे आणि ते मी कुणालाही देते.

"हे काय आहे? लग्नाचे फोटो ठरवायला आलेली पार्टी तुमच्या चपला बघणार?" मी अंगठ्याने भराभर खाली सरकवत गेले. "धंद्याचं अकाउंट वेगळं करा, स्वतःचं वेगळं. घरचं घरात. गिऱ्हाइकाला नको दिसायला. हे काढा, हे काढा, हे पण..."

"हे पण?" त्याने विचारलं.

"हे पण," मी म्हणाले आणि फोन परत केला.

त्याचं हसू कुठे गेलं कोण जाणे. तो माझ्याकडे जरा वेळ नुसता बघत राहिला — खोटी नोट उजेडात धरून बघावी, तसा. मग "थँक्यू" म्हणाला आणि निघून गेला.

मला माणसं ओळखता येतात असा माझा समज आहे. मी मनात म्हटलं, पद्मजा परब, हा काहीतरी लपवतोय.

आठ दिवसांनी त्याचं पेज पाहिलं तर एकदम स्वच्छ. नवऱ्या, हळदी, मंडप, दागिने... बाकी सगळं गायब. आमचे मालक हितेंद्रभाई दिवाळीच्या साड्यांसाठी फोटोग्राफर शोधतच होते. त्यांना पेज दाखवलं, ते म्हणाले, "बोलव ना मग."

मी बोलावलं. नजर ठेवायला बरं, असं स्वतःला सांगून.

दुकानाच्या माळ्यावर आमचं शूटिंग सुरू झालं. तिथे एकच खिडकी, आणि नव्या कापडाच्या खळीचा तो वास. मॉडेल परवडणार नव्हती, म्हणून साड्या मीच नेसायची.

"मान इकडे. इतक्या रागाने नको. साडी विकायची आहे, पोलिसात तक्रार नाही द्यायची."

"माझा चेहराच तसा आहे."

"संशयी?"

"सावध."

"सावध चेहरा खिडकीच्या उजेडात बरा दिसतो," तो कॅमेऱ्याआडून म्हणाला. "पद्मजा मॅडम, पदर जरा सोडा."

"मॅडम नको."

"बरं. पद्मजा, पदर जरा सोड."

एक काना गळला, बस. पण तो गळल्याचं दोघांनाही ऐकू आलं. तो उगाच लेन्स पुसायला लागला आणि मी उगाच निऱ्या मोजायला लागले.

मग रोजचंच झालं. चहा, गप्पा, दुकान सुटल्यावर परळपर्यंत चालत जाणं. मी पुढे चिंचपोकळीला घरी जायची, तो मागे वळून नायगावला. म्हणजे तो माझ्यासाठी उलटा चालत यायचा, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी विचारलं तर म्हणाला, "व्यायाम."

आणि एक दिवस मला त्याचं दुसरं अकाउंट सापडलं. कुलूपबंद. त्रेसष्ट फॉलोअर. लगेच रिक्वेस्ट पाठवली.

दोन दिवस गेले. आठ गेले. पंधरा गेले. रिक्वेस्ट तिथेच लटकलेली.

त्या अकाउंटचा गोल चिमुकला फोटो मी मोठा करून करून पाहिला. चाळीच्या गॅलरीत वाळत घातलेली साडी. पांढरी, निळ्या काठांची. साड्यांमध्ये माझं आयुष्य चाललंय, साडीवरून मी बाई ओळखते. पण ही कोण, ते मला कळेना.

काउंटरवरच्या रश्मीला दाखवलं. ती डोळे बारीक करून म्हणाली, "दोन अकाउंट म्हणजे दोन आयुष्यं, पद्मा. एकात तू, दुसऱ्यात दुसरी कोणीतरी."

"ते वेगळं करायला मीच सांगितलं गं!"

"मग तूच त्याची सोय केलीस की."

त्यानंतर मला सगळंच दिसायला लागलं. मेसेज आला की तो फोन पालथा ठेवायचा. रविवारी सकाळी कधीच मोकळा नसायचा, आणि कुठे जातो विचारलं की "घरचं काम" म्हणायचा. एकदा माळ्यावर मी सरळ विचारलं.

"माझी रिक्वेस्ट दिसली नाही का रे?"

"कुठली?"

"अभय!"

"अच्छा, ती... बघतो."

"त्यात बघायचं काय? एक बटण दाबायचं."

"तूच म्हणालीस ना, घरचं घरात?"

"मग मी बाहेरची?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. पुन्हा ती नोट उजेडात धरणारी नजर. "ते तू सांग," तो म्हणाला.

मला वाटलं, छेडतोय. मी लाजले सुद्धा! घरी जाताना मात्र राग आला. गोड बोलून प्रश्न टाळणारा माणूस सगळ्यात धोकादायक.

दिवाळीआधीच्या रविवारी दुकान चालू होतं. सकाळची गर्दी जरा ओसरली आणि मी सवयीने फोन उघडला. 'अभय फोटो'वर नवी स्टोरी. धंद्याच्या पेजवर तो रविवारी कधी काही टाकत नसे. मी उघडली.

एका बाईचा फोटो होता. पन्नाशीच्या पुढची, पांढरी साडी, निळे काठ. हात जोडलेले, मागे बुद्धाची मूर्ती, मेणबत्त्यांचा उजेड हनुवटीवर. इतका शांत चेहरा मी कुणाच्या फोटोत पाहिला नव्हता. आणि खाली दोन वाक्यं लिहिलेली.

"घरचं घरात. गिऱ्हाइकाला नको दिसायला."

माझी वाक्यं.

मी पुन्हा उघडायला गेले तर स्टोरी गायब. कुलूपबंद अकाउंटवरची चुकून या अकाउंटवर पडली होती, लक्षात येताच त्याने काढली. पण मी वाचली होती. दोन महिने मी त्याच्यावर संशय घेत होते, आणि तो... दोन महिने तो माझ्यावर घेत होता.

"हितेंद्रभाई, मी अर्ध्या तासात येते," एवढंच म्हणाले आणि भर उन्हात नायगावकडे चालायला लागले.

त्याच्या बिलावरच्या पत्त्याने चाळ सापडली, तिला लागूनच विहार होतं. बाहेर चपलांची रांग, आत वंदना नुकतीच संपलेली. पोरं ओरडत बाहेर पळत होती. अभय सतरंजीच्या घड्या घालत होता, आणि फोटोतली ती बाई मेणबत्त्यांचं मेण खरवडत होती. मला दारात बघून तिनेच आधी ओळखलं.

"तू साडीवाली ना? पद्मजा?"

"हो... नमस्कार, काकू."

"हा तुझं नाव फार घेतो. घेतो आणि मग गप्प बसतो." अभयच्या आईने, कांताकाकूंनी, मुलाकडे बघितलं, मेणाचा गोळा उचलला. "मी चहा टाकते. बोला काय ते," म्हणून त्या निघूनही गेल्या.

आम्ही बाहेर आलो. तो भिंतीला टेकून उभा राहिला, हाताची घडी घालून.

"स्टोरी पाहिलीस तर."

"अभय, मी पावभाजीबद्दल बोलत होते. चपलांबद्दल. टबातल्या त्या बाळाबद्दल!"

"तुझा अंगठा आईवर होता."

"नाही..."

"होता. आईचा फोटो होता, त्याच्या खाली चौदा एप्रिलची मिरवणूक. मी विचारलं, हे पण? तू म्हणालीस, हे पण."

मला आठवेना. कितीही ताण दिला तरी तो फोटो डोळ्यांसमोर येईना. पावभाजी आठवत होती, चपलांचा रंगसुद्धा आठवत होता.

"मी पाहिलंच नव्हतं रे," मी म्हणाले.

"पाहिलं नव्हतंस, की तुला दिसली नाही?"

खोटं बोलावंसं वाटलं, पण तो असा समोर उभा असताना जमलं नाही. "माहीत नाही," मी म्हणाले. "खरंच माहीत नाही. पण ते काढ असं माझ्या मनात नव्हतं."

तो खाली बघत म्हणाला, "तू भेटायच्या महिनाभर आधी एक पार्टी आली होती. सगळं ठरलं. मग फोन आला, तुमचं पेज बघितलं, आम्ही दुसरा फोटोग्राफर बघतो. फोटो वाईट आहेत का विचारलं, तर म्हणाले, नाही नाही, फोटो छान आहेत... मग तू भेटलीस. मला वाटलं, हिने तेच जरा गोड शब्दांत सांगितलं."

"आणि तरी माझ्याबरोबर परळपर्यंत चालत यायचास?"

"तेच तर." आता तो चिडलेला वाटला, पण माझ्यावर नाही. "परक्या कुणी म्हटलं असतं तर दोन शिव्या देऊन विसरलो असतो. रोज तुझी रिक्वेस्ट उघडायचो. बोट ठेवायचो... आणि काढायचो. तू आत येऊन तोंड वाकडं केलंस तर? मग मला तू आवडणं बंद करावं लागलं असतं. आणि ते काही जमेल असं वाटेना."

समोर कुणीतरी नळाखाली कळशी लावली होती. ती भरून वाहायला लागली तरी आम्ही दोघं तिच्याकडेच बघत होतो.

"मला वाटलं दुसरी कोणीतरी आहे," मी शेवटी पुटपुटले.

"आहे की. चहा टाकतेय."

"अभय!"

तो हसला. काचेसमोर हसला होता तसा, पण जरा सावकाश. मग फोन उघडून माझ्या हातात दिला. मी या वेळी अंगठा हळू चालवला. कांताकाकू विहारात, कांताकाकू गॅलरीत साडी झटकताना. ढोल वाजवणाऱ्या मुली. निळे झेंडे आणि त्याखाली झोपलेलं एक बाळ. शिवाजी पार्कात रांगेत उभी राहिलेली गावाकडची म्हातारी, हातात पुस्तकांची पिशवी.

"हे तुझे सगळ्यात चांगले फोटो आहेत," मी म्हणाले. "आईचा तर धंद्याच्या पेजवर पाहिजे. सगळ्यात वर."

"गिऱ्हाइकं जातील."

"जाऊ देत."

"तुझी नाही जाणार. माझी जातील."

तो बरोबर बोलत होता. "मग तू ठरव," मी म्हणाले. "पण मला तू आवडतोस, ते दोन्ही अकाउंटांसकट. हे मात्र मी ठरवलंय."

चहा आला. कांताकाकूंनी तीन कप ठेवले आणि विचारलं, "मिटलं का?" दोघांनीही एकदमच कप उचलले, यावरून त्या समजल्या.

त्याने आईचा फोटो धंद्याच्या पेजवर टाकला, आपण होऊन, चार दिवसांनी. त्याच आठवड्यात एका पार्टीने हळदीची तारीख रद्द केली आणि कारण सांगितलं नाही. त्या पार्टीवर आम्ही दोघांनी मिळून संशय घेतला — पहिल्यांदाच एकत्र.

दिवाळीनंतरच्या रविवारी मी त्याला आमच्या घरी नेलं. घरी फक्त आई होती, बाबा गावी गेले होते. आई बांगडे तळत होती. तिने त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. माझा स्वभाव कुठून आला, ते त्याला तिथेच कळलं असणार.

"खयचो रे तू?" तिने विचारलं.

कोकणातल्या माणसाला या प्रश्नात काय काय विचारलेलं असतं, ते ठाऊक असतं. अभयलाही होतं. "लांज्याजवळचा," तो सरळ म्हणाला. "बौद्धवाडीतला. आता नायगावात तिसरी पिढी."

आईचा उलथना तव्यावर थांबला. तेल तडतडत राहिलं... मला वाटलं, आता ही काही म्हणाली तर मी काय करीन? आणि मला आधीच माहीत होतं, मी त्याच्याबरोबर उठून जाईन.

आईने माझ्याकडे पाहिलं. माझ्या तोंडावर तिला ते वाचता आलं असावं. तिने बांगडा उलटला.

"बांगडो खातंस काय?"

"खातो, काकी," अभय म्हणाला. "पण काटे काढता येत नाहीत नीट."

आईने आमच्या रोजच्या तीन ताटल्या मांडल्या, सगळ्यात मोठा तुकडा त्याच्या ताटलीत वाढला. अजूनही ती त्याच्याकडे संशयानेच बघत होती.

"काटे काढूक हिका सांग," ती म्हणाली. "माका वेळ नाय."